गाडीच्या खिडकीवरचा ट्रे आणि मागची खिडकी

तरुण वयात चार मित्रांनी जमायची एक जागा प्रत्येकाची असते. गिरणगावात वाढलेल्यांना विचारा. कोणी नाक्यावरचे इराण्याचे हॉटेल सांगेल, कोणी चाळीचा जिना, कोणी मैदानाचा कठडा. आम्ही कॉलेजात असताना इराण्याकडे दोन चहा मागवून चौघे तासभर बसायचो आणि गल्ल्यावरचा शेठ काचेच्या बरण्यांआडून डोळे वटारायचा. अमेरिकेत आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांना हाच प्रश्न विचारला तर त्यांतले बरेच जण एकच उत्तर देतील. ते म्हणतील, ‘ड्राइव्ह-इन’.

आपल्याकडे ड्राइव्ह-इन म्हटले की मोटारीत बसून सिनेमा पाहायची जागा आठवते. पण अमेरिकेत ड्राइव्ह-इन हे आधी खाण्याचे हॉटेल होते. मोटार घेऊन हॉटेलच्या आवारात शिरायचे, छपराखाली उभी करायची आणि खाली उतरायचेच नाही. वाढपी मुलगी गाडीपाशी येणार, मागणी लिहून घेणार आणि थोड्या वेळाने पदार्थांचा ट्रे आणून तो गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेवर आकड्याने अडकवून जाणार. या वाढप्यांना ‘कारहॉप’ म्हणत. पुढे काही ठिकाणी तर या मुली पायांत चाकांचे बूट घालून घसरत घसरत ट्रे आणू लागल्या. ट्रेवर हॅम्बर्गर, बटाट्याचे तळलेले काप, मिल्कशेक आणि रूट बिअर. नावात बिअर असली तरी ही दारू नव्हे बरे का, गोड सरबतासारखेच पेय आहे, मुलेसुद्धा पितात.

अशा हॉटेलची सुरुवात १९२१ सालची धरतात. टेक्सास राज्यात डॅलस शहराबाहेर हमरस्त्यावर जेसी किर्बी नावाच्या माणसाने ‘पिग स्टँड’ काढले. मोटार असलेल्या माणसाला खाण्यासाठीसुद्धा गाडीतून उतरायचा आळस असतो, हे त्याने ओळखले आणि त्या आळसावर धंदा बसवला. दुसरे महायुद्ध संपल्यावर कारखाने जोरात चालू लागले, घराघरात मोटार आली, बापाची गाडी शनिवारी रात्री मुलाच्या हाती पडू लागली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या खिशात थोडे पैसे आले. घरी आईबाप, शाळेत मास्तर, चर्चमध्ये पाद्री. कोणाचीही नजर नाही अशी जागा म्हणजे ड्राइव्ह-इन. संध्याकाळी गाड्या रांगेने लागत, रंगीत दिव्यांच्या पाट्या चमकत, कोणाच्या गाडीचा रेडिओ मोठ्याने चाले. एक मिल्कशेक घेऊन दोन तास काढायचे, मग गावाला चक्कर मारून पुन्हा तिथेच यायचे. कोणाचे प्रेम जुळले, कोणाचे मोडले, कोण सैन्यात भरती होणार, सगळे तिथेच ठरायचे.

हॉटेलवाल्यांना मात्र ही गर्दी परवडत नसे. मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे मला ही बाजू चटकन दिसते. एक गाडी दोन तास जागा अडवून बसली तर गल्ल्यात काय पडणार? कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे रिचर्ड आणि मॉरिस या मॅक्डोनाल्ड भावांचे असेच ड्राइव्ह-इन होते. पोरे यायची, रेंगाळायची, प्लेटा-ग्लास फुटायचे, काही तर नाहीसेच व्हायचे. १९४८ साली या भावांनी हॉटेल काही महिने बंद ठेवले आणि नव्याने उघडले. कारहॉप मुलींना रजा दिली, पदार्थ २५ वरून ९ वर आणले, चिनी मातीच्या प्लेटा जाऊन कागद आला, आणि १५ सेंटला हॅम्बर्गर देऊन गिऱ्हाईक वाटेला लावायचे असे तंत्र बसवले. आज जगभर ज्या नावाची दुकाने दिसतात त्यांची पद्धत अशी पोरांच्या अड्ड्याला कंटाळून जन्माला आली! बाकी ड्राइव्ह-इन मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे जोरात चालली.

या सगळ्या आठवणींना अमर केले ते १९७३ सालच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटाने. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस. कथा १९६२ मधल्या एका रात्रीची. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावची मुले शाळा संपवून उंबरठ्यावर उभी आहेत आणि त्यांचा अड्डा आहे ‘मेल्स ड्राइव्ह-इन’. चित्रपट तुफान चालला. ते रंगीत दिवे, त्या लांबलचक गाड्या आणि चाकांच्या बुटांवरच्या मुली म्हणजेच आपले सुखाचे दिवस, असे एका पिढीने ठरवून टाकले. चित्रपटात सतत गाणी वाजतात. त्यांत चक बेरीचा आवाज आहे, फॅट्स डॉमिनोचा आहे, प्लॅटर्स मंडळींचा आहे. वाचकहो, हे सगळे गायक काळे. गाड्यांच्या रेडिओवर त्यांचा आवाज घुमत होता. पण देशाच्या दक्षिण भागात त्याच गायकांना त्याच वर्षी, १९६२ साली, गोऱ्यांच्या हॉटेलात टेबलाशी बसून जेवता येत नव्हते.

चित्रपटातले ‘मेल्स’ खरे हॉटेल होते, सॅन फ्रान्सिस्को शहरातले. १९४७ साली मेल वाइस आणि हॅरल्ड डॉब्ज या दोघांनी ते धंदे सुरू केले. कॅलिफोर्निया हे दक्षिणेतले राज्य नव्हे. तिथे काळ्या गिऱ्हाइकाला हाकलणे कायद्याने चालत नव्हते. तो येऊ शकत होता, पैसे देऊन खाऊ शकत होता. मग अडचण कुठे? अडचण नोकरीत. काळ्या माणसाला काम मिळे ते आतले, भांडी घासायचे, सफाईचे, भटारखान्यातले. गिऱ्हाइकासमोर येणारी कामे गोऱ्यांसाठी. आता ज्याला हॉटेलातले काम माहीत आहे तो सांगेल की पगार दोघांचाही बेताचाच, पण समोर येणाऱ्याला टिप मिळते, भांडी घासणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे हा केवळ मानाचा प्रश्न नव्हता, महिन्याच्या हिशेबाचा होता.

१९६३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या तरुणांनी मेल्ससमोर निदर्शने सुरू केली. त्यांत विद्यापीठातली गोरी मुलेही मोठ्या संख्येने होती आणि काळी मुलेही. फलक घेऊन दारात फेऱ्या मारल्या, आत जाऊन जागा अडवून बसले, पोलिसांनी पकडून नेले, तरी दुसरे येऊन बसले. मालकांपैकी डॉब्ज हे त्या वेळी शहराच्या महापौरपदाचे उमेदवार होते. त्यांच्या घरासमोरही फेऱ्या झाल्या. ते निवडणूक हरले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉटेलाने काळ्या माणसांना समोरची कामे देण्याच्या करारावर सही केली.

या गोष्टीला दहा वर्षेही झाली नव्हती आणि ‘मेल्स’मध्ये तो चित्रपट घेतला गेला. ते वर्ष १९७२. योगायोग पाहा, त्याच वर्षी मुंबईत आपल्या तरुणांनी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. चित्रपटाची कथा १९६२ ची असल्यामुळे १९६३ चे फलक त्यात दिसायचे कारण नव्हते, हे मान्य. पण लोकांच्या आठवणीतूनही ते फलक गेले. पुढे ती इमारतही पाडली. आज ‘मेल्स’चे नाव घेतले की चाकांचे बूट आठवतात, अटक झालेली मुले आठवत नाहीत.

आता दक्षिणेकडे वळू. तिथे नोकरीची गोष्टच दूर, साधे खाणेच मुश्कील होते. मोटार असलेला काळा माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की बायको आदल्या रात्री डबे भरून ठेवी, कारण वाटेत कोण देईल, कोण हाकलेल, याचा भरवसा नसे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या एका काळ्या पोस्टमनने १९३६ साली यावर उपाय काढला. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणता पेट्रोलपंप, कोणता न्हावी काळ्या माणसाला घेतो, याची यादी करून त्याने पुस्तक छापले. ‘ग्रीन बुक’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. जवळजवळ ३० वर्षे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. दिवसभर टपाल वाटणाऱ्या माणसाने हे काम केले, म्हणून मला त्याचे विशेष अप्रूप वाटते. असे काम कधी मोठ्या पगाराच्या माणसाच्या हातून झालेले मी फारसे पाहिलेले नाही.

आणि हे फक्त गरिबांचे हाल होते असे समजू नका. १९५७ साली घाना हा आफ्रिकेतला देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचे अर्थमंत्री कोम्ला ग्बेडेमा अमेरिकेत आले होते. डेलावेअर राज्यात हमरस्त्यावरच्या हॉवर्ड जॉन्सन हॉटेलात त्यांनी संत्र्याचा रस मागवला. उत्तर मिळाले, रस घेऊन जा, इथे बसून पिता येणार नाही. देशभर बोभाटा झाला आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या मंत्र्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावले. मंत्री होते म्हणून न्याहारी मिळाली. सामान्य माणसाला कोण बोलावणार?

सामान्य मुलांनीच मग वाट काढली. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो इथे कॉलेजातली चार काळी मुले वुलवर्थ दुकानाच्या जेवणाच्या फळीशी जाऊन बसली. कॉफी मागितली. दिली नाही. ती दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली, तिसऱ्या दिवशी आणखी, आणि हा प्रकार गावोगाव पसरला. जुलैअखेर त्या फळीवर काळ्यांना वाढले गेले. ज्या वयात गोरी मुले मिल्कशेकवर दोन तास घालवत होती, त्याच वयात ही मुले एका कॉफीसाठी महिनोन् महिने बसली.

२ जुलै १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. हॉटेले, खाणावळी, चित्रपटगृहे इथे रंगावरून भेद करता येणार नाही, असे त्यात आले. आपल्याकडे हीच गोष्ट २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या पंधराव्या कलमात आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही. बाबासाहेब ज्या देशात जाऊन शिकले त्या देशाच्या १४ वर्षे आधी ते कलम आपल्या घटनेत लिहिले गेले, हे मुलांना जरूर सांगावे. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात तर उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला आहे. भांड्यांचा उल्लेख कायद्यात का करावा लागला, हे आपल्या घरांत समजावून सांगायची गरज नाही. माझे वडील लहानपणी गावच्या एसटी थांब्यावर चहा घ्यायचे तेव्हा त्यांच्यासाठीचा कान तुटलेला कप बाहेर वळचणीला ठेवलेला असे, आणि चहा झाल्यावर तो त्यांनीच विसळून परत तिथे ठेवायचा. तो कायदा होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

अमेरिकेतही कायदा झाला म्हणून कप बदलला नाही. साउथ कॅरोलायना राज्यात मॉरिस बेसिंजर नावाच्या माणसाची ‘पिगी पार्क’ नावाची डुकराच्या मांसाची ड्राइव्ह-इन हॉटेले होती. राजधानी कोलंबिया आणि आसपास पाच ड्राइव्ह-इन आणि एक सँडविचचे दुकान. (हे कोलंबिया शहर वेगळे. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कला आहे.) तिथला शिरस्ता असा, की गोऱ्याची गाडी आली की कारहॉप धावत येणार. काळ्याने मात्र भटारखान्याच्या खिडकीशी जाऊन मागणी करायची, तिथूनच पुडा घ्यायचा आणि आवाराबाहेर जायचे. आवारात खायचे नाही, स्वतःच्या गाडीत बसूनही नाही. पैसे मात्र दोघांचेही सारखेच घेणार.

कायद्यावर सही झाल्यावर, त्याच १९६४ साली, अ‍ॅन न्यूमन या बाई एका मैत्रिणीसह गाडी घेऊन तिथे गेल्या. त्यांचे पती पाद्री आणि चळवळीचे कार्यकर्ते. कारहॉप मुलगी गाडीपर्यंत आली, आत कोण आहे ते पाहिले आणि तशीच मागे फिरली. मग मागणी लिहायची वही घेऊन एक माणूस आला. त्याने वाढायला नकार दिला आणि कारणही सांगितले नाही. बाई कोर्टात गेल्या. आता मालकाची वकिली ऐका. एक म्हणजे, काळ्या-गोऱ्यांचे मिसळणे माझ्या धर्माविरुद्ध आहे. दुसरे म्हणजे, कायदा ‘जागेवर खाण्यासाठी’ अन्न विकणाऱ्या हॉटेलांना लागू आहे. माझी निम्मी तरी गिऱ्हाइके पुडा घेऊन जातात, म्हणून माझे ड्राइव्ह-इन त्यात बसत नाही. १९६६ साली खालच्या कोर्टाने हा दुसरा मुद्दा चक्क मानला! सँडविचच्या दुकानाला कायदा लागू, पण ड्राइव्ह-इनला नाही. म्हणजे खुर्चीवर बसलात तर तुम्ही माणूस, गाडीत बसलात तर नाही. १९६७ मध्ये वरच्या कोर्टाने हा निकाल फिरवला. लगेच खाता येईल असे तयार अन्न विकता ना? मग गिऱ्हाईक ते गाडीत खातो की घरी नेतो, याने फरक पडत नाही, असे सांगितले.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच त्याच राज्यात दुसरी भयंकर गोष्ट घडली. ऑरेंजबर्ग गावात बोलिंग खेळायचे एक सभागृह होते, तेही तरुणांच्या जमायच्या जागांपैकीच. कायदा होऊन साडेतीन वर्षे झाली तरी तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता, आणि आमची जागा कायद्यात येत नाही हेच तिथेही सांगितले जात होते. काळ्यांच्या सरकारी कॉलेजची मुले फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथे गेली, बाचाबाची झाली, लाठ्या चालल्या. ८ फेब्रुवारीच्या रात्री महामार्ग पोलिसांनी कॉलेजच्या आवारात जमलेल्या मुलांवर गोळीबार केला. तीन तरुण ठार झाले. त्यांतला डिलानो मिडलटन १७ वर्षांचा, अजून शाळेत शिकणारा. शिवाय पंचवीसहून अधिक जखमी. पुढच्या वर्षी नऊ पोलिसांवर खटला चालला आणि सगळे निर्दोष सुटले. चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या, एवढ्या एका खेळाच्या जागेसाठी! पण ती जागा आपल्यालाच बंद आहे म्हटल्यावर तो खेळ राहत नाही, हे त्या पोरांना कळत होते.

या गोळीबारानंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ मार्च १९६८ रोजी, पिगी पार्कचा निकाल लागला. धर्माचा मुद्दा न्यायालयाने वेडगळ म्हणून उडवून लावला. पण खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा. वकिलाची फी कोणी द्यायची? न्यूमनबाईंच्या पाठीशी लीगल डिफेन्स फंड ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी वकिलांची संस्था होती. पण दर वेळी संस्था कुठून आणणार? त्या कायद्यात नुकसानभरपाई नव्हती. जिंकलात तरी हाती काय येणार, तर फक्त ‘यापुढे वाढा’ असा हुकूम. एका हॅम्बर्गरसाठी चार वर्षे वकील पोसणे कोणाला परवडेल? हे ओळखून न्यायालयाने ठरवले, की अशा खटल्यात जिंकणाऱ्याला त्याच्या वकिलाची फी सामान्यतः हरणाऱ्याकडून मिळालीच पाहिजे, कारण तो एकट्यासाठी नव्हे तर सगळ्यांसाठी कायदा राबवत असतो. नागरी हक्कांच्या खटल्यांत अमेरिकेतले वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात, आणि दाखला देताना एका ड्राइव्ह-इनचे नाव घेतात.

बेसिंजर शेवटपर्यंत बदलला नाही. २००० साली राज्याच्या विधानभवनाच्या घुमटावरून गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेचे निशाण उतरवले, तेव्हा त्याने तेच निशाण आपल्या हॉटेलांवर चढवले. या वेळी मात्र कोर्टाची गरज पडली नाही. मोठमोठ्या दुकानांनी त्याच्या सॉसच्या बाटल्या फळीवरून काढून टाकल्या.